तिसऱ्या शेडची किल्ली

“त्या अशा का बसल्यात?”

मी एवढंच विचारलं, तर जाळीच्या दाराशी उभे असलेले डॉक्टर कुरणे आणि आत्या दोघंही बोलायचे थांबले आणि वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी ओसरीच्या पायरीवर उन्हाला बसले होते. मांडीवर मैथिली, दोन्ही मुठी गच्च आवळून झोपलेली. मार्गशीर्ष लागला होता आणि विट्याकडच्या घाटमाथ्यावरचं ते गार, कोरडं वारं अंगणातली धूळ उगाच इकडून तिकडे करत होतं. समोर तिसऱ्या शेडमध्ये तलंगा होत्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या. पिसं फुगवून, माना आत ओढून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जाळीतून उन्हाचा पट्टा आत पडला होता, पण एकही उठून त्यात येत नव्हती.

“हगवण लागली होती ना वहिनी, म्हणून,” डॉक्टर म्हणाले.

औषध झालं होतं, रोग गेला होता, पण कोंबड्या उभारी धरत नव्हत्या. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. खालचं भाताचं तूस बदललं, की लगेच पुन्हा ओलं. वजन आणखी उतरायच्या आत विकून मोकळ्या व्हा, असं डॉक्टरांनी आत्यांना सांगून टाकलं होतं आणि आत्यांनाही ते पटलेलं दिसत होतं. अडचण एवढीच, की मार्गशीर्षात कोंबडीला गिऱ्हाईक नसतं. गुरुवार धरणारी घरं महिनाभर मांसाला शिवत नाहीत. तेव्हा अमावस्या झाली, की व्यापारी दस्तगीरभाईंची गाडी बोलवायची, असं त्यांचं चाललं होतं आणि तेवढ्यात मी मध्ये बोलले.

आत्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, “नीट सांगा की तिला. पोरगी इचारतीया.”

कुरणे तसे कायम घाईतले, बोलतानाही एक पाय मोटरसायकलवर. त्यांनी तो पाय खाली घेतला. औषधानं वाईट जंतू मारले, पण त्यांच्याबरोबर आतड्यातले चांगलेही गेले, असं त्यांनी मला समजावलं. घर मोकळं पडलं की भलतंच कुणीतरी येऊन राहतं, तसं या कोंबड्यांच्या पोटात झालं होतं. एक पावडर मिळते, म्हणाले, यीस्टची. पाव फुगवतात ना, त्याच जातकुळीतलं, पण जिवंत. रोज खाद्यातून पोटात गेलं, की चांगल्या जंतूंना पुन्हा बस्तान बसवायला मदत होते.

“मग हे औषध आधी का नाही दिलं?” मी विचारलं.

“औषध नाही ते, वहिनी. सोबत आहे. हळू काम करतं. आणि करेलच, असं मी काही छातीठोक सांगणार नाही.”

ते दोघं काहीतरी बोलत फाटकापर्यंत गेले. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आल्या आणि त्यांनी तिसऱ्या शेडची किल्ली माझ्या मांडीवर टाकली. पायाशी रबरी चपलांचा एक नवा जोड ठेवला आणि त्यावर पावडरीचं पाकीट.

“तिसरी शेड आजपासनं तुजी,” त्या म्हणाल्या. “अमावस्येच्या आत उठल्या तर ऱ्हात्याल. न्हाईतर गाडीत.”

मी म्हणाले, मला जमणार नाही. त्यांनी ते ऐकलंच नाही. निदान तसं दाखवलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. नाव आक्काताई. सासरे गेल्यापासून मळा आणि तीन शेड त्यांच्याच अंगावर. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगतात, म्हणजे परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमचे हेही तिकडे सेलमला, दुकानात. वर्षातून दोनदा येणार. मी मिरजेची. बाळंतपण माहेरी झालं, मैथिली पाच महिन्यांची झाल्यावर मला मळ्यावर आणून सोडलं, आणि आईची रिक्षा वळणाआड गेली तेव्हा मला रडूही आलं नाही.

तेच तर होतं. मला काहीच येत नव्हतं. ना रडू, ना हसू, ना भूक. मैथिली रडली की कुणीतरी तिला माझ्या हातात द्यायचं, मी पाजायचे, मग कुणीतरी तिला परत घ्यायचं. ती माझी आहे हे मला माहीत होतं, पण ते एखाद्या गावाचं नाव माहीत असावं तसं. सेलमहून फोन आला की मी “हं” आणि “बरं” म्हणायचे. शेजारच्या मळ्यातल्या चुलत सासूबाई येऊन ऐकवून गेल्या होत्या, “शहरातली हाय, कामाची सवय न्हाई, म्हणून बसून ऱ्हाती.” कुणी म्हणालं दृष्ट लागली. आत्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. मला वाटे, त्यांना माझ्याकडे बघायला वेळच नाही.

त्या दुपारी मी चपला घातल्या त्या केवळ नाही म्हणण्याइतकीही ताकद नव्हती म्हणून.

आमच्या इथे एका शेडच्या चपला दुसऱ्या शेडमध्ये जात नाहीत. रोग चपलेला चिकटून येतो, असं आत्यांचं पक्कं मत. प्रत्येक दारापाशी त्या शेडचा चपलांचा जोड आणि चुन्याचं घमेलं. मी चुन्यात पाय बुडवून आत गेले, तर नाकाला झोंबणारा वास. कोंबड्या बाजूलाही सरकल्या नाहीत. एरवी माणूस आत आलं, की कसा कालवा होतो. इथे सगळं थंड. मी मधोमध उभी राहिले आणि मला एक विचित्र वाटलं, की यांना मी ओळखते.

काम साधंच होतं. पावडर आधी थोड्या कोंड्यात कालवायची, मग तो कोंडा घमेलंभर भरड्यात आणि शेवटी ते घमेलं शेडच्या सगळ्या खाद्यात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सारखी जाते. गरम पाणी लावायचं नाही, उन्हात ठेवायची नाही, जीव असतो त्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी मैथिलीची अंघोळ, शेक, धुरी यात वेळ जायचा, म्हणून मी दुपारीच घमेलं कालवून खाद्याच्या खोलीत झाकून ठेवायचं ठरवलं. पहाटे आत्या खाद्य वाटून देत आणि तानूमावशी ते शेडमधल्या भांड्यांत भरत.

तानूमावशी आत्यांच्या बरोबरीच्या, आमच्याकडे इतकी वर्षं कामाला, की आता घरातल्याच झालेल्या. पहिल्या दिवशी मी पाकीट फोडलं, तेव्हा त्या शेजारी बसून मका निवडत होत्या. मैथिलीची झोळी त्यांनीच खोलीच्या तुळईला बांधून दिली होती. पावडर तपकिरी, बारीक रव्यासारखी. पाकिटातून जो वास आला, त्यानं मी एकदम थांबले. मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. पहाटे भट्टी लागली, की हाच वास आमच्या खिडकीतून आत यायचा. आंबूस, उबदार. बाबा अंगात स्वेटर घालून गरम पाव आणायचे आणि कागदातून वाफ यायची.

“काय वो वैनी, कशाचा वास हाय?” तानूमावशींनी विचारलं.

“पावाचा.”

“कोंबड्यास्नी पाव चारताय व्हय? मग चा बी ठिवते की घमेलंभर.”

मी हसले नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी मला भूक लागली. मी उठून स्वतः भाकरी घेतली आणि चुलीपाशी बसून खाल्ली. आत्या पाठमोऱ्या बसून दुसऱ्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, फक्त आणखी एक भाकरी माझ्याकडे सरकवली.

मग मी रोज दुपारी खाद्याच्या खोलीत जायला लागले. झोळीला एका हातानं झोका, दुसऱ्या हातानं कालवण. घमेलं भरलं, झाकलं, की चपला घालून शेडमध्ये. तूस वरखाली करायचं, ओलं झालेलं बाहेर काढायचं, पाण्याची भांडी घासायची. आणि बघत राहायचं. कुणी भिंतीपासून हलली का, कुणी उन्हात आली का. अमावस्या जवळ येत होती. मी सकाळी उठल्यावर पहिलं चंद्राकडे बघायचे. कोर बारीक होत चालली होती आणि तिसऱ्या शेडमध्ये काही म्हणजे काही बदलत नव्हतं. तूस तितकंच ओलं. माना तितक्याच आत.

डॉक्टर म्हणाले होते, हळू काम करतं. पण हळू आणि अजिबात नाही यात फरक असतो, आणि तो मला दिसत होता. एका दुपारी दोन तलंगा भिंतीपाशी मेलेल्या सापडल्या. मी त्यांना बाहेर काढलं, चुना टाकून पुरलं, हात धुतले आणि घरात जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. पाकीट खोलीतच राहिलं. मैथिली झोळीत रडत होती. तिला तानूमावशींनी घरात आणलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. किल्ली आत्यांच्या उशाशी ठेवून आले.

त्या दुपारी आत्या माझ्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. एरवी त्या कुणाच्या खोलीत बसत नसत. जे काय असेल ते दारात उभं राहून सांगायच्या. त्यांच्या हातात ते पाकीट होतं, तोंड दोऱ्यानं बांधलेलं. त्यांनी दोरा सोडला.

“ह्याचा वास घे.”

“माहितेय मला वास.”

“तुला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “मला न्हवता.”

मी कूस बदलली. आत्या पाकिटात बघतच बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू मला सगळं कळलं.

माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. एका पावसाळ्यात मका भिजला, वरून वाळल्यासारखा दिसला आणि आतून बुरसला. खाद्याला आंबूस वास येत होता, पण कुणी मनावर घेतलं नाही. त्या खाद्यानं दोन शेड रिकाम्या झाल्या. सासरे तेव्हा होते. त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून आत्यांचा एकच नियम: पहाटे प्रत्येक घमेल्याला नाक लावायचं, आणि आंबूस वास आला की कुणाला न विचारता, जीव न हळहळता ते खड्ड्यात ओतायचं. या नियमाला घरात कुणी हरकत घेत नसे.

“तुजं घमेलं झाकलेलं असायचं. पहाटं उघडलं की वास,” आत्या म्हणाल्या. “मला वाटलं, पोरगी दुपारी कालवती, रातभर ऱ्हातंय, म्हणून इटतंय. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. टाकत हुते आणि दुसरं भरून देत हुते. आज खोलीत गेले तर हे पाकीट उघडं पडल्यालं. म्हणलं नीट बांधून ठिवावं. तर ह्योच वास.”

मला कळायला वेळ लागला.

“म्हणजे त्यांच्या पोटात हे गेलंच नाही?”

“कणभर न्हाई.”

“एकदाही नाही?”

“न्हाई.”

मी उठून बसले. मग मी जे बोलले ते आठवलं, की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. मी आत्यांना म्हणाले, की डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, पावाच्या जातीचं आहे. पाव कसा लागतो, कसा वास मारतो, हे काय मी वेगळं सांगायला हवं होतं का. एकदा तोंड उघडून विचारायला काय जात होतं. माझी शेड म्हणून किल्ली द्यायची आणि माझंच घमेलं खड्ड्यात ओतायचं, ही कुठली रीत. त्या दोन कोंबड्या मी माझ्या हातानं पुरल्या. माझा आवाज इतका चढला, की अंगणातून तानूमावशी दारापर्यंत आल्या आणि तशाच मागे गेल्या. सासूशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मिरजेलाही नाही.

आत्या ऐकत होत्या. खाली मान घालून नाही, माझ्याकडे बघत. माझं बोलून संपलं, तेव्हा म्हणाल्या, “चुकलं माजं.”

आणि मला स्पष्ट दिसलं, की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलेलं होतं. त्याचा तर मला असा संताप आला, की सांगता सोय नाही. मैथिली या गलक्यानं जागी होऊन रडायला लागली होती. मी तिला उचललं, कडेवर घेतलं, आत्यांच्या हातातून पाकीट ओढून घेतलं आणि तरातरा खाद्याच्या खोलीकडे निघाले. अंगणाच्या मध्यावर आल्यावर मला जाणवलं, की मैथिली गप्प झाली आहे आणि माझ्या कानातलं डूल मुठीत धरून ओढते आहे. दुखत होतं. मी तिची मूठ सोडवली नाही.

त्या दिवसापासून पहाटे घमेलं उघडायला मी स्वतः जाऊ लागले. मैथिलीची अंघोळ आत्यांनी आपल्याकडे घेतली, आपणहून. मी खाद्याच्या खोलीत पोचायचे तेव्हा त्या आधीच तिथे असत. बाकीच्या शेडची घमेली हुंगून झाली, की माझ्या घमेल्यालाही नाक लावत, नियम तो नियम, आणि म्हणत, “पाव हाय.” मग घमेलं माझ्याकडे देत. तानूमावशी रोज विचारायच्या, “चा ठिवू का?” आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला हसू आलं.

पण दिवस फारच थोडे उरले होते. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मी शेडमध्ये बसून होते. बदल झाला होता का? मला वाटत होतं झालाय. पाच-सहा तलंगा दाराशी येऊन तूस उकरत होत्या. एकीनं माझ्या चपलेच्या अंगठ्याला चोच मारली होती. पण बाकीच्या भिंतीपाशीच होत्या, आणि तूस अजून दमटच होतं. आशेनं बघणाऱ्याला काहीही दिसतं, असं मी स्वतःला बजावलं.

अमावस्या झाल्यावर दस्तगीरभाईंची गाडी आली. खरं तर ती पहिल्या शेडमधल्या म्हाताऱ्या, अंडी संपलेल्या कोंबड्या न्यायला यायचीच होती. मागे जाळीच्या पेट्या रचलेल्या. दस्तगीरभाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारे, आत्यांना धाकट्या भावासारखे. मैथिलीला बघून त्यांनी खिशातून खडीसाखर काढली, तिला अजून दात नाहीत हे कळल्यावर स्वतःच्या तोंडात टाकली.

पहिली शेड भरून झाली. मग ते तिसऱ्या शेडच्या दाराशी आले. मी आतून एक तलंग आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला, वजन तोललं, परत एकदा फिरवला.

“आक्का, हलकी हाय अजून,” ते म्हणाले. “आज दिल्यास तर घिऊन जातो. आठ दिवसांनी आणखी उतरल्या तर मलाबी नकोत आणि तुलाबी. डॉक्टरबी हेच म्हणला ना?”

मी आत्यांकडे बघितलं. मला पक्कं ठाऊक होतं त्या काय म्हणणार. बोलून गेल्या होत्या, न्हाईतर गाडीत. आणि आत्या बोललेला शब्द फिरवत नाहीत.

आत्या पदरानं हात पुसत होत्या. “मला काय इचारतोस, दस्तगीर,” त्या म्हणाल्या. “तिची शेड हाय. तिला इचार.”

दस्तगीरभाई माझ्याकडे वळले. तानूमावशीही बघत होत्या. गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. मला वाटलं, मान हलवावी, “तुम्ही ठरवाल तसं” म्हणावं. गेले किती दिवस मी तेच म्हणत होते, सगळ्यांना, सगळ्या बाबतींत. माझ्या हातात ती तलंग परत आली होती. तिचं पोट माझ्या तळहातावर होतं आणि ते गरम होतं. माझ्या बोटांखाली तिचं काळीज टकटक उडत होतं, अगदी भरभर.

“नाही देणार,” मी म्हणाले.

“वहिनी, इचार करून सांगा.”

“केलाय. अजून त्यांना पुरतं खायलाच कुठे मिळालंय?”

दस्तगीरभाई हसले. आत्यांना म्हणाले, “आक्का, सून तुज्यावर गेलीया.” आत्या म्हणाल्या, “कुणावर जाईल तर,” आणि घरात निघून गेल्या.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही, कारण ते इतकं हळूहळू झालं, की झालं तेव्हा दिसलंच नाही. एका सकाळी मी तूस मुठीत घेऊन दाबलं, तर ते हाताला चिकटलं नाही, भुसभुशीत गळून पडलं. एका दुपारी उन्हाचा पट्टा आत आला आणि त्यात जागेसाठी मारामारी लागली. सगळ्याच वाचल्या असं नाही. काही तशाच राहिल्या आणि गेल्या. पण एके दिवशी मी चुन्यात पाय बुडवून दार उघडलं, तर आतून असा कालवा उठला, की कडेवरच्या मैथिलीनं दचकून माझ्या मानेत तोंड खुपसलं. मग हळूच बाहेर काढलं, पुन्हा बघितलं आणि खुदकन हसली. ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं. तानूमावशी म्हणाल्या, पोर तर कधीपासनं हसतीया.

त्याच सुमारास आत्यांनी मला सांगलीला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एसटीत मांडीवर मैथिलीला घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला काही समजावलं नाही. “जरा दावून येऊ,” एवढंच. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दुखण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना हे होतं असं सांगितलं. मी तिथे पहिल्यांदा रडले. भरपूर. आत्या बाहेरच्या बाकावर मैथिलीला चिमण्या दाखवत होत्या.

आत्यांची आणखी एक रीत आहे. नव्या तलंगांचं पहिलं अंडं विकायचं नाही. ज्यानं ती शेड सांभाळली, त्यानं ते खायचं. पौष सरता सरता तिसऱ्या शेडमध्ये ते निघालं. लहानसं, लिंबाएवढं, कवचावर रक्ताचा एक बारीक ठिपका. मी ते उचललं तेव्हा इतकं उबदार होतं, की मी ते मैथिलीच्या गालाला लावलं. आत्यांनी ते उकडलं, सोललं, वर मीठ भुरभुरलं आणि वाटीत घालून माझ्यासमोर ठेवलं. मी खाऊन संपवेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.

या सगळ्याला आता सात वर्षं झाली. मैथिली शाळेत जाते. तिसरी शेड अजून माझ्याकडेच आहे, पहिलीही आली आहे. यीस्ट आमच्याकडे आता नेहमीचंच झालंय, आणि पहाटे आत्या अजून प्रत्येक घमेलं हुंगतात. गेल्या पावसाळ्यात धाकटा झाला. या वेळी बाळंतपण मी मळ्यावरच केलं. आत्या रात्रंदिवस माझ्या अवतीभवती. मी जेवले का, झोपले का, हसले का, सगळं तिरक्या डोळ्यानं बघायच्या. मी म्हणाले, आत्या, मी बरी आहे. तरी बघायच्या.

परवा दुपारी त्या धाकट्याला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी शेजारी बसून मैथिलीच्या शाळेच्या फ्रॉकचं बटण लावत होते. बोलता बोलता मी म्हणाले, “आत्या, त्या वर्षी तिसरी शेड तुम्ही ठेवलीत म्हणून राहिली. डॉक्टर तर विका म्हणत होते. तुम्हाला खात्री होती का, त्या उठतील म्हणून?”

“न्हाई,” आत्या म्हणाल्या. “खात्री कशाची. म्या तर इकायलाच निघाले हुते.”

“मग?”

त्यांनी धाकट्याचा एक पाय चोळून खाली ठेवला, दुसरा घेतला.

“तू आलीस माहेरनं, त्याला म्हयना झाला हुता,” त्या म्हणाल्या. “म्हयन्यात तू एक बी गोष्ट इचारली न्हवतीस. जेवाय काय हाय, न्हाई. फोन कुणाचा, न्हाई. पोरीला ताप आला तवा बी तू इचारलं न्हाईस, कशानं आला. म्या रोज वाट बघत हुते, आज काय तरी इचारंल. आणि त्या दिवशी पायरीवर बसून तू म्हणालीस, त्या अशा का बसल्यात.”

बटण माझ्या बोटांतून निसटून सतरंजीवर पडलं.

“फाटकाजवळ डॉक्टरला म्या सांगितलं, आता ह्या इकायच्या न्हाईत. पावडर आणून द्या. तो म्हणला, आक्का, गुण येईलच असं न्हाई. म्या म्हणलं, कोंबड्यास्नी न्हाई आला तरी चालंल.”

एवढं बोलून त्यांनी धाकट्याला उपडा केला आणि त्याच्या पाठीला तेल लावायला लागल्या. मी सतरंजीवर बटण शोधत राहिले, ते समोरच पडलेलं असूनही.

काल तिसऱ्या शेडमध्ये नव्या तलंगांचं पहिलं अंडं निघालं. मी ते उकडलं, सोललं, मीठ लावलं आणि वाटीत घालून आत्यांसमोर नेऊन ठेवलं. त्या म्हणाल्या, “ह्ये तुजं. रीत मोडू नगं.”

“मोडत नाहीये,” मी म्हणाले. “ज्यानं सांभाळलं, त्यानं खायचं.”

आत्या वाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले, अंडं उचललं, आणि सवयीनं आधी नाकाजवळ नेलं. मी समोर बसले, त्यांचं खाऊन होईपर्यंत.